फिकट कड

शनिवार, ४ डिसेंबर १९९९

आज निमोण्याच्या ग्रामपंचायतीत बैठक झाली. दोन हजार साल लागतंय, तर शाळेनं गावासाठी काय करायचं, असं सरपंच हौसराव आबांनी विचारलं. कुणी कमान सुचवली, कुणी झाडं. हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले, आणि मी बोलून गेलो की आपलं गाव पृथ्वीवर नेमकं कुठं आहे ते आपली पोरं मोजतील. नकाशात बघून नाही, आकाशात बघून. तो आकडा दगडावर कोरायचा आणि चौकात उभा करायचा.

मग आबा म्हणाले की हे कुणी केलेलं नाही, हेच करायचं. दगड ते देणार. सव्वीस जानेवारीला उद्घाटन.

शिरूरला घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मी नुसता हसत होतो. शालन म्हणाली, पगार वाढला की काय. या कामाची नोंद राहावी म्हणून ही वही आणली आहे. उद्या पेपरवाल्यांनी विचारलं तर सगळं तारीखवार हाताशी असावं.

गुरुवार, ९ डिसेंबर

नववीला तास घेतला. भर दुपारी खांबाची सावली किती लांब पडते त्यावरून सूर्याची उंची कळते, आणि तिच्यावरून गाव उत्तर-दक्षिण कुठं ते. सूर्य आपल्या माथ्याची रेघ नेमका किती वाजता ओलांडतो ते कळलं की गाव पूर्व-पश्चिम कुठं ते. निम्म्या वर्गाच्या डोळ्यांत झोप होती.

मागच्या बाकावरची मोनिका उठली. भिमा धनगराची मुलगी. त्यांच्याकडं आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता कांदा आणि थोडी ज्वारी. वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "म्हंजी सर, सावली चुकली तर गाव वरखाली सरकंल, आन् घड्याळ चुकलं तर आडवं सरकंल."

मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. इतकं नेमकं मलाही मांडता आलं नसतं. वेळ घ्यायचं काम तिलाच द्यायचं ठरवलं.

सोमवार, १३ डिसेंबर

दिवस मावळल्यावर शाळेच्या मैदानावर ध्रुव धरून बघितला. पोकळ नळी, तिला ओळंबा, मागं कोनमापक. ज्यानं ज्यानं बघितलं त्याचा आकडा वेगळा. शिवाय ध्रुवही अगदी जागेवर नसतो, थोडा फिरतो, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. सोडून दिलं. सूर्य हाही ताराच. सगळ्यांना दिसतो, दिवसा सापडतो. त्यालाच धरू.

बुधवार, २२ डिसेंबर

आज मोजलं. उंच खांब ओळंब्यात उभा केला, टोकाला आडवी फळी ठोकली, जमीन पाण्याच्या नळीनं सपाट केली. वर्गातला पप्पू आणि आणखी दोघं-तिघं टेपवर. मोनिका लिंबाखाली मांडीवर वही घेऊन. घड्याळ माझंच, सकाळी आकाशवाणीवर वेळ सांगताना वाजतात त्या टूंटूंवर तिनं लावून घेतलेलं. सकाळी एका खुणेवर सावली आली तेव्हाची वेळ तिनं लिहिली, दुपारनंतर त्याच लांबीची सावली परत आली तेव्हाची लिहिली. दोन्हींच्या मधली ती आपली खरी दुपार. काटा सरकायच्या आत आकडा सांगायची. एकदाही "थांबा" म्हणाली नाही.

सावलीची खूण मी स्वतः केली. कुणावर सोडली नाही. मी खडू टेकवला तेव्हा मोनिका उठून जवळ आली आणि म्हणाली की काळ्या सावलीपुढं ही एक फिकट पट्टी आहे, चांगली चार बोटं रुंद, ती धरायची का. पोरं बघत होती, मध्येच कुणी विचारलेलं मला आवडलं नाही. काळी ती सावली, फिकट ती सावली नाही, असं मी सांगितलं. ती परत जाऊन बसली.

उत्तम दिवस. ढग नाही, वारा नाही.

शनिवार, ८ जानेवारी २०००

आकडेमोड तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर तेच. नकाशा उघडून ताडून बघायचा मोह झाला, पण बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो की नकाशाला हात लावणार नाही. हेडमास्तर म्हणाले, एकदा बघून घ्या की. मी म्हणालो, मग मोजलं कशाला?

कागद हरिबा पाथरवटाकडं दिला.

बुधवार, २६ जानेवारी

रात्रीचं जेवण गेलं नाही. लिहून टाकतो म्हणजे झोप येईल.

झेंडावंदन झालं, मिरवणुकीनं चौकात आलो. दगडावरचं फडकं आबांनी ओढलं. काळा दगड, वर पांढरे आकडे, खाली गावाचं नाव. टाळ्या वाजल्या. आबांचे पुण्याचे एक पाहुणे आले होते, इंजिनियर, फोनच्या टॉवरसाठी जागा बघायचं काम करतात. भला माणूस. त्यांनी फार कौतुक केलं आणि म्हणाले की माझ्याकडं उपग्रहावर चालणारं यंत्र आहे, आपण मुलांना ताडून दाखवू. मीच म्हणालो, अवश्य. मीच माइक पुढं केला.

यंत्र दगडावर ठेवलं. चार-पाच मिनिटं काही होईना. लोक वाकून वाकून बघत होते. मग त्यांनी आकडे वाचले, दगडाकडं बघितलं, परत यंत्राकडं बघितलं. माइक चालू होता.

"पूर्व-पश्चिम अगदी झकास जमलंय, सर. उत्तर-दक्षिणेत पाव अंश फरक पडतोय." मग हसून म्हणाले, "या दगडाप्रमाणं आपण आत्ता भीमा ओलांडून दौंडाजवळ उभे आहोत."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं की चला, दौंडात आलोच आहोत तर रेल्वेनं जाऊ. सगळा चौक हसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आबा हसले नाहीत.

मी वळलो. मोनिका पहिल्या रांगेत होती, नवी रिबन बांधून. मी माइकवरच विचारलं, "वेळ कुणी घेतली होती?"

ती उभी राहिली.

"घड्याळ तुझ्याकडंच होतं ना?"

"व्हय, सर."

"मग?"

मी लोकांकडं वळून म्हणालो की मुलं आहेत, घड्याळात चूक होते, आपण समजून घेऊ. लोकांनी समजून घेतलं. आबा म्हणाले, लेकरू हाय. जिलेबी वाटली. भिमा मागं उभा होता. जिलेबी न घेता गेला.

गुरुवार, २७ जानेवारी

चूक वेळेचीच असणार. आकाशवाणीचे टोले ऐकताना गडबड झाली असेल. पोर लहान आहे. मी काही वाईट बोललो नाही, उलट सावरून घेतलं. पाहुणे मोघम बोलले, त्यांचा विषय टॉवरचा. आज एवढंच.

सोमवार, ३१ जानेवारी

मोनिका शुक्रवारपासून शाळेत नाही. हजेरी घेताना तिचं नाव आलं की मागची पोरं तोंडानं शिट्टी वाजवतात. "दौंड पॅसेंजर" असं नाव पडलंय तिला. एकाला पट्टी मारली. मारताना त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला आवडलं नाही. म्हणजे तो घाबरला नव्हता.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

शालननं जेवताना विचारलं की ते घड्याळ चुकलं होतं म्हणजे किती चुकलं होतं. मी म्हणालो, असेल मिनिटभर. ती म्हणाली, पण घड्याळ तर तुमचंच, त्यावर तुम्ही रोज शाळेची वेळ गाठता. मी ताटावरून उठलो. ती बिचारी काय चुकीचं बोलली?

दगडाजवळून जावं लागू नये म्हणून हल्ली ओढ्याकडच्या वाटेनं शाळेत जातो. शाळेत सगळे नीट बोलतात. अगदी नीट बोलतात. चहाचा कप कुणीतरी उठून आणून देतं. आजारी माणसाला देतात तसा.

रविवार, ६ फेब्रुवारी

सकाळी गच्चीवर शालन वाळवण घालत होती. कठड्याची सावली फरशीवर पडली होती. तिच्या कडेला फिकट पट्टी. मी बघतच राहिलो.

सूर्य म्हणजे टिंब नाही, थाळी आहे. थाळीची वरची कड जिथवर झाकली जाते तिथं काळी सावली संपते. खालची कड झाकली जाते तिथं फिकट संपते. थाळीचा मध्य धरायचा तर खूण फिकट पट्टीच्या मधोमध करायला हवी. मी वरची कड धरली. सूर्य पाव अंशानं उंच झाला आणि गाव पाव अंशानं खाली, दौंडाकडं.

रविवार म्हणून शाळा बंद होती. किल्ली घेऊन गेलो, एकट्यानं खांब उभा केला, भर उन्हात सावली धरली. पट्टीच्या मध्यावर खूण केली आणि तिथंच मातीत बसून हिशेब केला. निमोणं निमोण्यात आलं.

तिनं विचारलं होतं. चार बोटं रुंद, असंही सांगितलं होतं. डिसेंबरचं पान उघडून वाचलं. मीच लिहिलंय.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

हौसराव आबांकडं गेलो. चूक माझी आहे, दगड बदलावा लागेल, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सर, दगूड दगूड हाय. कोण मोजाय येतंय? आन् पोरीचं नाव झालंय तर ऱ्हाऊ द्या. लेकराची चूक लोक इसरत्यात. मास्तराची न्हाई इसरत."

वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच बोलत होते. मला तिथंच नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, बघू. आणि वाटेत मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं इथं लिहून ठेवतो.

शनिवार, १२ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर भिमाच्या वस्तीवर गेलो. मोनिका पलीकडं कांदा खुरपत होती. मला बघून उठली नाही, वाकूनच राहिली. तिची आजी झुंबरबाई यांनी घोंगडं अंथरलं, चहा केला. भिमा म्हणाला की केडगावकडचं एक स्थळ आलंय, मुलगा कंपनीत आहे, परीक्षेचं आता काय. एवढ्यात लग्न करणार नाही, पण बोलून ठेवायला काय हरकत आहे. मी म्हणालो, पाऊसपाणी बरं झालं औंदा. कांद्याला भाव मिळेल असं दिसतंय.

चहा पिऊन परत आलो. सांगायला गेलो होतो ते सांगितलंच नाही. झुंबरबाई वाटेपर्यंत सोडायला आल्या. त्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं असणार, एवढे मास्तर पोरीची चौकशी करायला घरी आले.

बुधवार, १६ फेब्रुवारी

आज सांगितलं. वसरीवर बसलो आणि चहा येण्याआधीच सांगून टाकलं. सावली मी चुकीची धरली, मोनिकानं विचारलं होतं, मी ऐकलं नाही, तिची वेळ बरोबर होती. मोनिका दाराच्या आत उभी होती. मला तिचे पाय तेवढे दिसत होते.

भिमानं तंबाखूची डबी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सर, तुमी हे माज्या वसरीवर सांगताय. पोरीला बोलला कुठं? भोंग्यावर, साऱ्या गावाम्होरं. मंग हे बी तिथंच सांगा."

मी म्हणालो की येत्या सोमवारी ग्रामसभा आहे.

"तिथं सांगा. मंग आमी बघू."

आतले पाय हलले नाहीत.

सोमवार, २१ फेब्रुवारी

ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा विषय झाल्यावर मी उठलो. आबांनी नजरेनं बसा म्हणून सांगितलं. मी माइक घेतला. माझा आवाज भोंग्यातून परत माझ्याच कानावर येत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. सूर्याची थाळी, तिची कड, फिकट पट्टी, सगळं सांगितलं. मोनिकानं मला ते विचारलं होतं हे सांगितलं. तिची वेळ अचूक होती, म्हणूनच पूर्व-पश्चिम बरोबर आलं, हेही सांगितलं. चूक मास्तराची, असं म्हणून बसलो.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, आणि हसले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारे गृहस्थ तेवढं म्हणाले की मग आता दगडाचं काय. हौसराव आबा म्हणाले, उपटू आणि काय. मग विषय पुढं गेला, गटाराचा.

भिमा कडेला उभा होता. जाताना त्यानं मान हलवली. मोनिका आली नव्हती.

घरी आल्यावर शालननं गरम भाकरी वाढली. म्हणाली, आता मोकळं वाटत असेल. मी हो म्हणालो. वाटत नव्हतं. एक गोष्ट मी माइकवर बोललो नव्हतो. वहीतही लिहिलेली नाही. अजून लिहवत नाही.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

काल मोनिका शाळेत आली. शिट्टी वाजली नाही. तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली की परत मोजायचं, या बारीला ताऱ्यावर. वडिलांना विचारलंय. मी आनंदानं हो म्हणालो, तिला घड्याळ द्यायला लागलो, तर हात मागं घेऊन म्हणाली, "घड्याळ तुमी धरा."

आज दिवस मावळल्यावर मैदानावर गेलो. भिमाही आला होता. तो दूर पायरीवर तंबाखू मळत बसला. सावल्यांवरून आखलेली उत्तर-दक्षिण रेघ मैदानात होतीच. तिच्यावर दोन काठ्यांना दोन ओळंबे सोडले. दोन्ही दोऱ्या एकीमागं एक दिसतील असं बसायचं, आणि तारा दोरीमागं गेला की ओरडायचं. मी वेळ लिहायची. मृगाच्या तळाचा ठळक तारा दोरीकडं सरकत होता. ती खाली बसली, एक डोळा मिटून. मी बॅटरी काचेवर धरून सेकंद काट्याकडं बघत होतो.

बराच वेळ गेला. तारा अजून थोडा लांब होता. ती मान न वळवता म्हणाली, "सर, एक इचारू?"

"विचार."

"घड्याळ चुकलं तर गाव आडवं सरकतं. त्या दिवशी तर ते खाली सरकलं व्हतं. तुमाला तवाच कळलं व्हतं का?"

पायरीवरून भिमाच्या टाळीचा आवाज आला आणि थांबला. तेवढ्या अंतरावरून त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

कळलं होतं. पाहुण्यांनी पूर्व-पश्चिम झकास म्हटलं त्याच क्षणी कळलं होतं. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण घड्याळ चुकलेलं नाही हे मला माइक हातात असतानाच पक्कं कळलं होतं. मी वळलो ते कळल्यानंतर वळलो. हेच ते, जे वसरीवर बोललो नाही, ग्रामसभेत बोललो नाही, इथं लिहिलं नाही.

"हो," मी म्हणालो.

ती दोरीकडंच बघत होती. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं, तुमाला खरंच येत न्हाई. म्हनून मी राग धरला नव्हता."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला, गप्प राहा म्हणून, आणि डोळा दोरीला लावला.

"आला," ती म्हणाली. "वेळ सांगा."

मी सांगितली. तिनं स्वतःच्या वहीत लिहून घेतली, मग माझ्या हातातलं घड्याळ बॅटरीखाली वळवून ती वेळ एकदा आपल्या डोळ्यांनी बघितली.